तांदळातले फ्रॉक

आत्या, तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलं, तरी तुला लिहायला बसले की अजून पाठ ताठ होते. अक्षर तिरकं गेलं तर मागून टपली बसेल असं वाटतं. आज रविवार आहे. बाहेर दक्षिणेचा वारा सुटलाय. न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआत वारा नसला तरच लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. नवरा आणि लेक बाहेर गेलेत, मी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून लिहिते आहे, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. गुरुवारपासून वाटते आहे. एका सात वर्षांच्या मुलीला तिच्या मावशीच्या घरी राहू द्यायचं की तिथून काढून परक्या घरी ठेवायचं, हे येत्या आठवड्यात ठरणार आहे. जे ठरवणार आहेत त्यांच्यासमोर मी तुझी गोष्ट सांगून बसले आहे. तुला विचारायची सोय नव्हती. तू असतीस तर म्हणाली असतीस, घरातलं चारचौघांत कशाला, आणि नंतर हळूच विचारलं असतंस, मग, काय म्हणाले?

ती मावशी मला इथल्या शनिवारच्या बाजारात भेटली. गाड्या लावायच्या जागेत सकाळी सकाळी भाजीचा बाजार भरतो, आणि नशीब असेल तर फिजीहून आलेली भेंडी मिळते. एकाच ढिगात आम्ही दोघींनी हात घातला. ती प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून बघत होती, मीही. भाजीवाला ओरडला, "लेडीज, प्लीज, डोन्ट ब्रेक देम!" त्यावर आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तू मिरजेच्या मंडईत पाहायचीस. तिथून मैत्री झाली. ती नायजेरियातल्या कानो शहराची, हौसा लोकांतली. इथे म्हाताऱ्यांच्या रेस्ट होममध्ये काम करते. मी क्लिनिकमध्ये नर्स, त्यामुळे पाठदुखी हा आमचा पहिला विषय. तिच्या पाठीला धाकटा मुलगा कापडाने बांधलेला होता आणि हाताशी ही मुलगी, भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून. "माझी थोरली," असं तिने सांगितलं. पुढे एकदा तिच्या घरी भेंडीचं सार शिजत असताना कळलं की थोरली म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची पहिली मुलगी. दूध सुटल्यावर बहिणीने वाढवायला दिली. मी विचारलं, का दिली? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "का म्हणजे? मी मोठी बहीण. आणि पहिलं मूल आई स्वतः कुठे वाढवते?" त्यांच्यात ही जुनी रीत आहे, मूल नात्यात वाढवायला देण्याची. त्यात मूल टाकलं असं कोणी म्हणत नाही. मी म्हटलं, मलाही दिलं होतं, आत्याकडे. ती म्हणाली, "मग तुला काय सांगायचं," आणि सार ढवळायला लागली.

सगळं बिघडलं ते शाळेत, आणि तेही पोरीच्या आनंदाच्या भरात. इथे सकाळी वर्गात मुलं चटईवर गोल बसतात आणि एकेकाने आपल्या घरची बातमी सांगायची असते. कोणाच्या मांजराला पिल्लं झालेली असतात, कोणी नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेतलेले असतात. हिने सांगितलं की मी दूध प्यायचं सोडलं तेव्हा माझ्या आईने मला माझ्या दुसऱ्या आईला देऊन टाकलं, आणि मी माझ्या भावाला पाठीवर बांधून फिरवते, मला येतं. बाई चांगल्या आहेत, म्हणूनच घाबरल्या. लहान मूल, देऊन टाकलेलं, दुसऱ्याचं मूल पाठीवर वाहणारं. त्यांनी वर कळवलं, आणि मुलांच्या सरकारी खात्यातली माणसं मावशीच्या दारात आली. व्हिसाचे कागद होते, तिकडच्या कोर्टाचा शिक्का होता. पण आईने दिलं एवढंच कागद सांगतो, का दिलं ते सांगत नाही. त्या संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. "त्यांनी विचारलं, ही कोणाची मुलगी? मी म्हटलं माझी. मग विचारलं, हिची आई कुठे असते? मी म्हटलं कानोला. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं." मग ती म्हणाली, "मी खोटं काय बोलले?"  गुरुवारच्या बैठकीला तिला सोबत एक माणूस आणायची मुभा होती. तिने मला विचारलं, मी हो म्हटलं. माझी लेक खोलीतून म्हणाली, "मम, यू आर नॉट हर लॉयर." मी म्हटलं, "वकील नाही, पण तिथे बसायला काय जातं?" त्या रात्री जी भीती वाटली ती मला ओळखीची होती. लहानपणी आई यायची असली की आदल्या दिवशी वाटायची, तीच.

आई वर्षातून एकदा यायची. मी तीन वर्षांची असताना तुझ्याकडे आले, तुला मूल नव्हतं आणि आमच्याकडे माझ्यामागे आणखी दोघं होती. हे सगळं मला शेजारणींकडून कळलं, तू कधी सांगितलं नाहीस. आई आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते. नणंदेचं घर, म्हणून पदर सावरून, अर्धी आत अर्धी बाहेर. मला जवळ घेत नाही. माझ्याकडे बघतही नाही. तुला विचारते, "हिचा अभ्यास कसा आहे? ही त्रास देत नाही ना?" ही. माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकल्याचं आठवत नाही. तू एका मागून एक पदार्थ करत असतेस. करंज्या, चकल्या, वर शिरा, जणू दहा माणसं जेवायला आहेत, आणि तुझ्या हातून हमखास काहीतरी फुटतं. मी तुझ्या लुगड्यामागे उभी. आईचं लक्ष नाही तोवर बरं, असं मला वाटायचं. तिने एकदा का माझ्याकडे नीट पाहिलं आणि नावाने हाक मारली, की मला जावं लागेल. शेजारणी म्हणायच्या, पोर बिचारी आईसाठी झुरते. मी झुरत नव्हते गं. मला तिची भीती वाटायची.

आणि तो दिवस. आई मला लग्नाला न्यायला आली होती, तिच्या बहिणीच्या लग्नाला, चार दिवसांसाठी. तू म्हणालीस, हिचे कपडे भरून देते. आणि कपडे सापडेनात. दोरीवर नाहीत, ट्रंकेत नाहीत, खुंटीला नाहीत. तू घरभर फिरतेस, आई उंबऱ्याशी बसून खाली बघते, आणि तुझा चेहरा लाल होत जातो. शेवटी तू भाताला तांदूळ काढायला कोठीत हात घातलास आणि हाताला लागला माझा निळा फ्रॉक. मग पिवळा. मग शाळेचा. मी दोन दिवसांपासून एकेक करून पुरले होते. माझं गणित सरळ होतं. कपडे भरल्याशिवाय कोणी पोरीला नेत नाही, तेव्हा कपडेच मिळाले नाहीत तर नेता येणार नाही. तू मला आईदेखत थोबाडीत मारलीस. "तांदळात कपडे घालतात? अन्न आहे ते!"  आई एकटीच लग्नाला गेली, कारण मी इतकी रडले की मला ताप चढला. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलास. तुझी ठेवणीतली लुगडी उचलून ट्रंकेत टाकलीस, माझे फ्रॉक घड्या करून आत ठेवलेस, आणि कप्प्याला कुलूप लावून किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातलीस. "आता तुझ्या परवानगीशिवाय कोणी काढायचे नाहीत. मीही नाही." ती किल्ली गळ्यात घालून मी आंघोळसुद्धा करायची. मात्र त्या थपडेचा राग माझ्या मनात कितीतरी वर्षं होता, तोही सांगून टाकते.

गुरुवारची बैठक शाळेजवळच्या एका हॉलमध्ये होती. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये बिस्किटांची ताटली. सुरुवातीला माओरीत, इथल्या मूळ लोकांच्या भाषेत, प्रार्थना झाली. खात्याची मुख्य बाई माओरी होती, साधारण माझ्याच वयाची, केस पांढरे, आवाज खालचा. मुलगी कोपऱ्यात लेगो घेऊन बसली होती. मावशीचा नवरा धाकट्याला मांडीवर घेऊन दाराजवळ बसला होता, शर्टाचं वरचं बटण लावून, मुलाखतीला आल्यासारखा. ती बाई म्हणाली, "आमच्यात याला फांगाई म्हणतात. मलाही माझ्या आजीने वाढवलं. मूल नात्यात दिलं म्हणून मी कोणाला दोष द्यायला आले नाहीये." आत्या, मला वाटलं, सुटलो. मी मावशीचा हात दाबला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "म्हणून तर मला हेही माहीत आहे," ती म्हणाली, "की खऱ्या फांगाईत काही लपवलेलं नसतं. मला वाढवलं आजीने, पण माझी आई भेटली की मला नाकाला नाक लावून जवळ घ्यायची, गावभर माझ्या नावाने हाका मारायची. तेव्हा आज मला हिच्या आईला भेटायचंय." कानोला फोन लावायचं आधीच ठरलं होतं. जिला आपलं सगळं कळेल असं वाटलं होतं, तिलाच नेमकं तिथे बोट ठेवता आलं.

आमची दुपार टळलेली, त्यांच्याकडे नुकती पहाटेची नमाज झालेली. भिंतीवरच्या पडद्यावर मुलीची आई दिसली. कोवळी पोर गं, पंचविशीतली असेल. डोक्यावरून ओढणी, मागे हिरवी भिंत. दुभाष्या दुसऱ्या फोनवर होता, एक पुरुष, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून बोलणारा. त्याचं काम शब्दाला शब्द सांगायचं, मध्ये स्वतःचं घालायचं नाही. बाईंनी विचारलं, तुम्ही बऱ्या आहात का. बरी आहे, देवाची कृपा. तुमची मुलगी इथे आहे, तिला बघायचंय का? आईने ओढणी पुढे ओढली. बाईंनी मुलीला बोलावून पडद्यासमोर उभं केलं. आईने तोंड फिरवलं. म्हणजे पार भिंतीकडे. "तुमच्या मुलीचं नाव सांगाल?" गप्प. दुभाष्याने पुन्हा विचारलं. आई काहीतरी पुटपुटली. दुभाष्या म्हणाला, "ती म्हणते, माझ्या बहिणीपाशी आहे ती." "पण तिचं नाव?" पुन्हा गप्प, मग एक वाक्य, आणि दुभाष्या म्हणाला, "तिला सांगायचं नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. शेजारचा तरुण अधिकारी तिच्या कानाशी वाकला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. जी बाई मुलीकडे बघत नाही, तिचं नाव सांगत नाही, ती तिची आई कशावरून? आणि मग ही मुलगी कोणाची, कुठून आणलेली? मी मावशीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती, तिचं तोंड लाजेने काळवंडलेलं. तिला बोलता येत होतं, आणि ती बोलत नव्हती. 

पण मी पडद्याकडे बघत होते. भिंतीकडे वळलेलं तोंड, आणि ओढणीच्या काठावर बोटं, काठ आवळून धरलेली. ती बोटं मी पाहिली होती, उंबऱ्याशी बसलेल्या माझ्या आईच्या पदरावर. मी मावशीला हळूच विचारलं, "हिची पहिलीच ना ही? पहिल्याचं नाव आई घेत नाही का तुमच्यात?" तिने मान हलवली. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं, "पहिल्या मुलाचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. त्याला जवळ घ्यायचं नसतं. लाज असते. आम्ही कुन्या म्हणतो. आणि हा परका पुरुष विचारतोय!" मी म्हटलं, मग हे त्यांना सांग की. ती म्हणाली, "काय सांगू? ती आई आहे म्हणूनच गप्प आहे. दिसत नाही का त्यांना?"

आत्या, मी हात वर केला. शाळेतल्यासारखा. मी हौसा नाही, तिच्या गावात कधी गेले नाही, मी चुकीचं बोलले तर पोरीचंच नुकसान होईल, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी जे सांगितलं ते असं. आतोबा रेल्वेच्या यार्डात पडले होते, डोकं फुटलं होतं, आणि तू त्यांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलंस. मी आठ वर्षांची, तुझ्याबरोबर. केसपेपरच्या खिडकीतला कारकून विचारतो, पेशंटचं नाव? तू म्हणतेस, आमचे हे. तो म्हणतो, हे म्हणजे कोण? तू गप्प. तुझ्या पदराला त्यांचं रक्त लागलंय. तो म्हणतो, "नवऱ्याचं नाव माहीत नाही? बाई, कोणाला उचलून आणलंत?" मागची रांग हसते. तू मला खांद्याला धरून पुढे ढकलतेस, सांग गं तू. मी आतोबांचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, ठणकावून सांगते. मग तो माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, बरोबर, मुलगी. तसंच लिहितो. तू त्याला खोडायला सांगत नाहीस. हे सगळं मी तिथे इंग्रजीत सांगितलं, अर्धं नीट, अर्धं रडत. म्हटलं, माझ्या आत्याला नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं असं नाही. तिने ते कधी तोंडातून काढलं नाही, कारण तो तिचा नवरा होता. आणि म्हटलं, माझ्या आईनेही मला लोकांसमोर कधी जवळ घेतलं नाही. सासरच्या माणसांत आपलं मूल कुरवाळणं तेव्हा वाईट दिसायचं. ती माझीच आई होती.

बाईंनी ऐकून घेतलं. थट्टा केली नाही, डोळेही मिचकावले नाहीत. पण म्हणाली, "तुमच्या आत्याची गोष्ट मला पटते. पण या मुलीचं ठरवायला मला तिच्या आईकडून काहीतरी हवं. तुमच्याकडून नाही." बरोबरच होतं तिचं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हणून मी जास्तच घाबरले. तेवढ्यात मावशी पहिल्यांदा मान वर करून पडद्याशी बोलली, त्यांच्या भाषेत, भराभर, रागावून बोलावं तसं. दुभाष्याने सांगितलं, "ती म्हणतेय, हे लोक मुलीला परक्या घरी ठेवतील. लाज आता बाजूला ठेव." पडद्यावर कितीतरी वेळ फक्त हिरवी भिंत आणि ओढणी. मग तोंड भिंतीकडेच ठेवून त्या आईने मुलीचं नाव घेतलं. एकदाच, मोठ्याने, जसं खूप लांब असलेल्या माणसाला हाक मारावी. घेतलं आणि ओढणीत तोंड खुपसून ती रडायला लागली, आणि कोणीतरी तिकडे फोन बंद केला. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते इतक्या कष्टाने काढलं, मी कोण लिहिणार?

मुलगी पुन्हा लेगोपाशी जाऊन बसली होती. ताठ उभी राहिली. तिला आनंद झाला असेल, असं तुला वाटतं का? ती धावत आली, पडद्याकडे नाही, मावशीकडे, आणि तिच्या झग्याच्या घोळात शिरली. धाकटा रडायला लागला. बाई सगळं बघत होती. तिने शेवटी एवढंच सांगितलं की आज मुलगी मावशीबरोबर घरी जाईल, बुधवारी आम्ही घर बघायला येऊ, पुढचं मी आज कबूल करत नाही. दारात तिने मावशीचा हात दोन्ही हातांत घेतला. चांगलीच बाई आहे. पण चांगल्या माणसांच्या हातूनही मुलं उचलली जातात, हे तिलाही माहीत असणार. तिच्या लोकांची किती मुलं अशी नेली गेली, त्याच्या गोष्टी इथे सगळ्यांना माहीत आहेत.

मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. मावशी आणि तिचा नवरा मागे, झोपलेला धाकटा मध्ये, आणि मुलगी पुढे माझ्याशेजारी बूस्टर सीटवर.  मग मुलगी मला, मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आँटी, तिने माझं नाव घेतलं. म्हणजे आता ती मला परत नेणार का?" सिग्नल हिरवा झाला होता, मागची गाडी हॉर्न देत होती. नाही म्हणायला काय हरकत होती? पण बुधवार व्हायचा होता, आणि मला खोटं बोलून तिला गप्प करायचं नव्हतं. मी म्हटलं, तिला तुला न्यायचं नाहीये, तिला फक्त तुला ओळखलं हे सांगायचं होतं. तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

आणि आज सकाळी मावशीचा फोन. तिला धड बोलता येत नव्हतं. "कपडे नाहीत. तिचे सगळे कपडे नाहीत. युनिफॉर्म नाही, जर्सी नाही, काही नाही. ड्रॉवर रिकामा. बुधवारी ते येणार, ते म्हणतील हिने पोरीला कपडेसुद्धा घेतले नाहीत. मी तिला विचारते तर ती तोंड उघडत नाही. आज माझा हात उठणार आहे तिच्यावर."  आत्या, मला तुझा तो लाल चेहरा आठवला, आई उंबऱ्याशी आणि तू घरभर कपडे शोधतेस. तेव्हा तुलाही हेच वाटलं असणार ना? की वहिनी म्हणेल, माझी पोर घेतली आणि तिला अंगभर कपडे नाहीत, चल गं घरी. मी इतकी वर्षं समजत होते की थोबाडीत बसली ती तांदळासाठी. तांदळाचं काय गं, धुऊन घेतले असतेस. तू घाबरली होतीस. घरात माझ्याहून घाबरलेलं कोणीतरी होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर, पोरिरुआत, एका हौसा बाईच्या फोनवर कळलं.

मी मावशीला म्हटलं, हात उगारू नकोस. ते हरवलेले नाहीत. घरात जिथे कोणी रोज हात घालत नाही तिथे बघ. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, तांदळात बघ. तिला वाटलं मला वेड लागलं. तांदळात नव्हतेच. सापडले ते गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, टाकीला चिकटून, उबदार झालेले, युनिफॉर्म सगळ्यात खाली.  मग मावशीने हळू विचारलं, "हे कशासाठी?" मी सांगितलं. कपडे भरल्याशिवाय मुलाला नेता येत नाही, असं तिचं गणित आहे.   मग मी तिला सांगितलं की एखादा ड्रॉवर रिकामा कर, कुलूप लाव, किल्ली तिच्याकडे दे. घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं हे कुलूप कसलं, तर तिला खुशाल सांग. त्या बाईला कळेल. कळलं नाही तर मला बोलाव, मी येते. मावशी म्हणाली, "किल्ली हरवेल ती." मी म्हटलं, नाही हरवणार.

बुधवारचं काय होईल मला माहीत नाही. घाबरलेली आहे, आणि तुला विचारायचं होतं की तुझी भीती कधी गेली का. माझं लग्न झालं तेव्हा? की तेव्हाही नाही? आई शेवटची आली तेव्हा मी नोकरीला लागले होते, आणि तरी तू शिरा केलास आणि बशी फोडलीस. हे पत्र कुठे पाठवणार, मिरजेतल्या त्या घरी आता कोण राहतं तेही मला ठाऊक नाही. घडी घालून माझ्या पर्समध्येच राहील.

एक सांगायचं राहिलं. इथे भूकंप होतात म्हणून प्रत्येक घरी दाराजवळ एक भरलेली बॅग असते, हाक आली की उचलून निघता यावं म्हणून. आमच्याही आहे. पाणी, टॉर्च, औषधं, नवऱ्याचे कपडे, लेकीचे कपडे. नवरा अधूनमधून ती उघडून बॅटऱ्या बदलतो आणि दर वेळी विचारतो, "अगं, यात तुझाच एक जोड कसा नाही?" मी म्हणते, राहिला वाटतं, टाकते उद्या. राहिलेला नाही, आत्या. मी ठेवतच नाही.